रिस्क नेमकी कोणाच्या नावावर? – वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात याच पानावर मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की काम बाहेर दिलं म्हणून रिस्क बाहेर जात नाही. बास, त्यावर एवढ्या मेल आल्या की नेहमीचे 'लॅपटॉप कुठला घेऊ' वाले प्रश्न या वेळी बाजूला ठेवलेत, त्या मंडळींनी रागावू नका. नावं कोणाचीच छापत नाहीये, कारण जवळपास प्रत्येकाने शेवटी 'ताई, नाव नको' असं लिहिलंय, त्यातच बरंचसं आलं.

'ताई, मी ऐरोलीला एका कंपनीत सर्व्हिस डिलिव्हरी बघतो. आमचं रिस्क रजिस्टर, म्हणजे कशाकशाचा धोका आहे त्याची यादी, ही एक एक्सेल शीट, १४० ओळी, त्यातल्या शंभरेक "मीडियम". ऑडिट आलं की आम्ही दोघं-तिघं बसून तारखा बदलतो आणि परत बंद करतो. मॅनेजर म्हणतो ऑडिटर खूश आहे ना, मग झालं. पण ती शीट बघून मला काहीच कळत नाही की आपल्याला नक्की भीती कशाची आहे. काय करू?'

अशी शीट मी पण सांभाळलीय, चार वर्षं, आणि त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे. 'पॉवर फेल्युअर. शक्यता कमी. परिणाम मध्यम. उपाय – डीआर साइट आहे.' आमची मेन साइट ऐरोलीला आणि डीआर, म्हणजे आणीबाणीतली पर्यायी साइट, महापेला, म्हणजे एक बंद पडली तर दुसरी, आणि दोघींच्या मधे ठाणे-बेलापूर रोडवर रिक्षाने जाता येईल एवढंच अंतर. मग १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडचे लाइट एकदम गेले, कळवा-पडघा बाजूच्या मोठ्या लाइन बंद पडल्या होत्या, लोकल जिथल्या तिथे उभ्या. आमच्या दोन्ही साइट एकाच मिनिटाला डिझेलवर. तरी जनरेटर मस्त चालले, डेटा सेंटरला काही झालं नाही, डॅशबोर्ड सगळा हिरवागार, आणि सपोर्टची माणसंच गायब! कोरोनामुळे सगळे घरून काम करत होते ना, कोणी कळव्यात, कोणी कोपरखैरण्यात, राउटर बंद, लॅपटॉपची बॅटरी दीड तास, मोबाइलचं नेटवर्क पण रडकुंडीला आलेलं. मी ठाण्यात घरी, किचनच्या ओट्यावर लॅपटॉप, मोबाइल खिडकीच्या ग्रिलला टेकवून हॉटस्पॉट चालू, आणि दुसऱ्या फोनवरून एकेकाला विचारतेय, तुझी बॅटरी किती टक्के, तुझी किती, कोणाच्या सोसायटीला जनरेटर आहे का. एका पोराच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आणि लॉबीला जनरेटर होता, तो वॉचमनच्या खुर्चीत बसून दुपारपर्यंत तिकिटं घेत होता, वॉचमन बिचारा उभा.

आमच्या शीटमध्ये शंभराच्या वर ओळी होत्या, 'माणसांच्या घरची वीज' ही ओळ नव्हती. कारण ती पॉवरवाली ओळ लिहिली तेव्हा सगळे ऑफिसात बसायचे, मार्चमध्ये सगळे घरी गेले, तेव्हा आम्ही नेहमीसारख्या फक्त तारखा बदलल्या.

आता तुमच्या शंभर 'मीडियम'बद्दल. हे होतं त्या ५ गुणिले ५ च्या तक्त्यामुळे. शक्यतेला १ ते ५ मार्क, परिणामाला १ ते ५, गुणाकार करायचा आणि रंग भरायचा. मग रोज अडकणारा प्रिंटर ५ गुणिले १ म्हणजे ५, आणि डेटा सेंटरला आग १ गुणिले ५ म्हणजे पण ५, दोघं शेजारी शेजारी एकाच रंगात बसतात, आणि त्या दोन गोष्टींना तुमचा बॉस एकच रंग कसा देतो हे देव जाणे. तक्ता फेकून द्या असं म्हणत नाही, ऑडिटला लागतो, ठेवा. पण स्वतःसाठी वेगळं एक पान करा, आणि त्यावर दहा-बाराच ओळी.

ओळ कशी लिहायची ते महत्त्वाचं. 'सर्व्हर जुना आहे' ही रिस्क नाहीये, ही वस्तुस्थिती आहे. 'नेटवर्क स्लो आहे' ही तर तक्रार झाली, ती आजच घडतेय. आयएसओ ३१००० मध्ये रिस्कची व्याख्या अशी आहे की उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम, म्हणजे आधी कोणाचं तरी उद्दिष्ट समोर पाहिजे, ते नसेल तर रिस्क कशाची? म्हणून असं लिहा: 'पगाराचं सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर आहे त्याचे पार्ट आता मिळत नाहीत, तो महिनाअखेरीला गेला तर दुरुस्तीला चार दिवस लागतील आणि लोकांचा पगार १ तारखेला होणार नाही.' हे वाचून एचआरवाल्या बाई ताडकन उठतात की नाही बघा. 'लीगसी हार्डवेअर – मीडियम' वाचून आजवर कोणी उठलेलं मी पाहिलं नाही.

आणि ओनरच्या कॉलममध्ये 'आयटी टीम' लिहिलं असेल तर ते आजच खोडा. टीमला रात्री झोप लागते. एका माणसाचं नाव घाला, आणि शक्यतो ज्याचं काम अडणार त्याचं. पगाराच्या रिस्कचं नाव एचआर हेडचं, सर्व्हर बदलायचं काम तुमचं, पैसे मंजूर करायचे की थांबायचं हा निर्णय तिचा. पहिल्यांदा भांडण होईल. होऊ दे, त्या भांडणातच ती ओळ पहिल्यांदा कोणीतरी नीट वाचेल.

'नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका पतसंस्थेचा मानद सचिव, रिटायर माणूस, कॉम्प्युटरचं जेमतेम. मागच्या वर्षी आम्ही सगळं सॉफ्टवेअर एका कंपनीच्या क्लाउडवर नेलं. त्यांचा माणूस म्हणाला, "काका, आता रिस्क आमची, ९९.९ टक्के अपटाइम लिहून देतो." जूनमध्ये एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सिस्टिम बंद. पिग्मी एजंट कलेक्शन घेऊन आले, नोंद कुठे करायची? सभासद काउंटरला उभे, त्यात एकाला हॉस्पिटलचं बिल भरायला ठेव मोडायची होती. कंपनी म्हणते प्रॉब्लेम क्लाउडवाल्याचा. पुढच्या बिलात १,८०० रुपये कमी करून दिले. सभासद मला विचारतात, मी कोणाला विचारायचं?'

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि सगळ्यात लांब उत्तर तुम्हालाच देणार आहे.

आधी तुमच्या सोसायटीच्या लिफ्टकडे चला. लिफ्टचा एएमसी असतो की नाही, त्यात दोन प्रकार, कॉम्प्रिहेन्सिव्ह आणि नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह. पहिल्यात पार्ट पण कंपनीचे, दुसऱ्यात फक्त सर्व्हिसिंग, पार्टचे पैसे वेगळे. तुम्ही महागातला कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतलात, म्हणजे मोटर जळाली तर खर्च कंपनीचा, बरोबर? पण लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली तर आत कोण असतं, कंपनीचा मॅनेजर का सातव्या मजल्यावरच्या आजी? मोटरची रिस्क तुम्ही विकलीत. आजींची तुमच्याकडेच राहिली, ती कोणी विकत घेतच नाही.

आयटीत हेच. आयटिल म्हणून सर्व्हिस मॅनेजमेंटची एक पद्धत आहे, ब्रिटिश सरकारच्या खात्यात १९८० च्या दशकात सुरू झाली, तिच्यात सर्व्हिसची व्याख्या साधारण अशी केलीय की ग्राहकाला हवा तो परिणाम मिळतो आणि 'ठरावीक' खर्च आणि 'ठरावीक' रिस्क त्याला स्वतःला सांभाळाव्या लागत नाहीत. सगळी गंमत त्या 'ठरावीक' शब्दात आहे, आणि सेल्सच्या माणसाने बोलताना नेमका तोच गाळला. हार्ड डिस्क जाणं, एसी बंद पडणं, अपडेट टाकणं हे त्याने घेतलं. सभासद काउंटरवर उभा राहणं हे घेतलं नाही, घेऊ पण शकत नाही.

आता ते ९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे सिस्टिम किती वेळ चालू राहील त्याचं वचन. महिन्यावर मोजलं तर ३० दिवसांची मिनिटं ४३,२००, त्यातली ४३ मिनिटं बंद चालेल. पण तेच ९९.९ वर्षावर मोजायचं ठरलं असेल तर ८ तास ४५ मिनिटं होतात, म्हणजे तुमचा तो जूनचा अख्खा दिवस करारात आरामात बसतो, वर १,८०० रुपये दिले ते उपकारच म्हणायचे! करार काढा आणि बघा महिना लिहिलंय का वर्ष. दुसरं, ठरवून केलेला मेंटेनन्स त्यात बहुतेक धरत नाहीत, तो कधी करणार हे लिहिलंय का. तिसरं, कंपनी ९९.९, तिच्या खालचा क्लाउडवाला ९९.९, तुमची इंटरनेट लाइन ९९.९, अशी तीन कड्यांची साखळी असली की हाती येतं सुमारे ९९.७, महिन्याला दोन तासांच्या वर. प्रत्येक जण आपापल्या जागी खरं बोलतोय आणि तुम्ही मात्र बंद.

तरी म्हणाल दोन-दोन घेऊ, एक बंद तर दुसरा. घ्या, पण एनएसईचं आठवा. २४ फेब्रुवारी २०२१ ला शेअर बाजार ११.४० ला थांबला, त्यांच्याकडे टेलिकॉमच्या लाइन दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या, मुद्दाम तशा घेतल्या होत्या, आणि दोन्ही कंपन्यांच्या लाइनला एकाच दिवशी प्रॉब्लेम आला. बाजार पावणेचारला परत सुरू झाला आणि पाचपर्यंत चालवावा लागला. दोन वेंडर घेताना विचारायचं ते हेच, की दोघांची केबल पुढे जाऊन एकाच रस्त्याखालून, एकाच खड्ड्यातून जात नाही ना. आपल्याकडे रस्ते किती वेळा खणतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

'प्रॉब्लेम क्लाउडवाल्याचा' हे उत्तर मात्र अजिबात ऐकून घेऊ नका. तुमचा करार कंपनीशी आहे, क्लाउडवाला तिने निवडला, त्याचं तिने बघायचं. पण तसंच सभासदाने तुमच्याकडे बघून म्हटलं तर? तो म्हणेल मला तुमची कंपनी माहीत नाही, मी पासबुक तुमच्याकडून घेतलंय. आणि तो बरोबर असेल. बँकांना रिझर्व्ह बँकेने हेच लिहून सांगितलंय, १० एप्रिल २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, त्यात स्पष्ट आहे की काम बाहेर दिल्याने बँकेची जबाबदारी कमी होत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, सहकार खात्याखाली येतात, त्यामुळे तुम्हाला ते बंधनकारक नाही, पण वाचायला कोणी अडवलंय?

इंग्लंडमध्ये तर याच्या पुढे गेले. टीएसबी नावाच्या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळी सिस्टिम नव्या प्लॅटफॉर्मवर हलवली आणि लोकांना आपलीच खाती बघता येईनात. २०२२ च्या डिसेंबरात बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांच्या वर दंड झाला, आणि २०२३ मध्ये तिथल्या आयटी प्रमुखाला स्वतःच्या खिशातून ८१,६२० पौंड. का, तर सप्लायर कंपनी खरंच तयार आहे का याची त्याने नीट खात्री करून घेतली नाही. 'ते म्हणाले आम्ही रेडी आहोत' हे चाललं नाही.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे ३१ जुलै २०२४. छोट्या बँकांना सिस्टिम पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला काढलं, आणि जवळपास ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ग्राहक अडकले. त्या बँकांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, एका दुकानातून सामान आणत होत्या एवढंच.

तुम्ही करायचं काय? एक, रोज संध्याकाळी खातेनिहाय शिल्लक यादी काढून ठेवा, कागदावर किंवा तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, कपाटात जुनं पावती पुस्तक ठेवा आणि पिग्मी एजंटांना वर्षातून एक दिवस ठरवून त्यावर काम करायला लावा, बडबडतील, लावा तरी. एका दिवसात किती रक्कम हाताने देता येईल ते पण आधी ठरवून ठेवा, म्हणजे हॉस्पिटलवाल्या सभासदाला तुम्ही 'सिस्टिम बंद आहे' एवढंच ऐकवणार नाही. दोन, कंपनीला विचारा की सगळं गेलं तर किती तासांत परत येईल आणि किती वेळापर्यंतच्या नोंदी जातील. याला ते आरटीओ आणि आरपीओ म्हणतील, गाड्यांच्या आरटीओशी संबंध नाही. आकडा लेखी घ्या आणि मग म्हणा, आता एकदा करून दाखवा.

तीन, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. आयटीवाले 'रिस्क ॲक्सेप्टेड' असं लिहून मोकळे होतात, कोणी ॲक्सेप्ट केली हे कळतच नाही. तुमच्याकडे याला फार जुनी आणि पक्की पद्धत आहे, ठराव! संचालक मंडळाच्या सभेत मांडा की सिस्टिम दिवसभर बंद राहू शकते, पर्यायी लाइनला इतका खर्च आहे, तो करायचा की नाही. नाही ठरलं तर तसा ठराव, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि इतिवृत्तात नोंद. पुढच्या वेळी सभासदांनी विचारलं की तुम्ही एकटे काउंटरमागे उभे राहणार नाही. खरं सांगू का, सूचक-अनुमोदकाचा कॉलम प्रत्येक कॉर्पोरेट रिस्क रजिस्टरमध्ये असायला हवा होता, कोणाला सुचला नाही.

'वाशीला मसाला मार्केटमध्ये गाळा आहे. बिलिंग, स्टॉक सगळं कॉम्प्युटरवर. सायबर इन्शुरन्स घेतला की विषय संपला ना?'

पैशाचा काही भाग संपला. पॉलिसीतून चेक येईल, उधारीची वही येणार नाही. कोणाकडे किती येणं आहे हे जर फक्त त्या एका मशीनवर असेल तर इन्शुरन्सवाला ते कुठून आणणार? बॅकअप एका वेगळ्या डिस्कवर घ्या, काम झालं की डिस्क काढून घरी न्या, मशीनला लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरमध्ये मशीनबरोबरच जाते. आणि प्रपोजल फॉर्ममध्ये 'बॅकअप घेता का, दोन पायऱ्यांचा पासवर्ड आहे का' असं विचारतात तिथे एजंटला परस्पर 'हो' भरू देऊ नका, क्लेमच्या वेळी तेच बाहेर काढतात. अजून एक, सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा हल्ल्याची खबर कळल्यापासून ६ तासांत द्यायची असते, तो ईमेल पत्ता भिंतीवर चिकटवून ठेवा.

'आमची महापेला १४ जणांची सपोर्ट कंपनी आहे. एक मोठा क्लायंट मिळतोय पण त्यांच्या करारात लिहिलंय की आमच्यामुळे झालेल्या कुठल्याही नुकसानाची अमर्याद भरपाई आम्ही द्यायची. पार्टनर म्हणतो कर सही, असं कधी होत नाही. करू का?'

तुमच्या पार्टनरला विचारा, होत नाही तर मग क्लायंटने लिहिलंय कशाला?

मस्करी सोडा. अमर्याद भरपाई तुम्ही देऊच शकत नाही, १४ जणांची कंपनी आहे, उद्या पाच कोटींचा क्लेम आला तर तुम्ही शटर ओढाल आणि क्लायंटच्या हाती कुलूप येईल. म्हणजे त्यांना वाटतंय रिस्क तुमच्यावर ढकलली, आणि प्रत्यक्षात ती त्यांच्याकडेच आहे, फक्त त्यांना माहीत नाही. त्यांच्या लीगलवाल्यांना हे असंच समजावा, 'आम्हाला भीती वाटते' असं नको. नेहमीची पद्धत म्हणजे भरपाईला मर्यादा, बऱ्याचदा एका वर्षाच्या फीएवढी, आणि फसवणूक, गुपितं फोडणं असल्या गोष्टींना ती मर्यादा नाही. त्याच्या वर त्यांना हवं असेल तर तुम्ही प्रोफेशनल इन्डेम्निटीचा, म्हणजे कामातल्या चुकीच्या भरपाईचा, विमा घ्या आणि प्रीमियम रेटमध्ये धरा. रिस्क घेण्याला भाव असतो, फुकट घेतलेली रिस्क म्हणजे दिलेला डिस्काउंटच.

मोठे लोक पण हेच करतात हो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या एका चुकलेल्या अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख मशीन बंद पडली, आपल्या एअरपोर्टवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. डेल्टा एअरलाइन्सने आपलं ५० कोटी डॉलर नुकसान झालं म्हणून कोर्टात खेचलं, आणि क्राउडस्ट्राइकच्या वकिलांनी आधीच कळवलं होतं की करारात आमची जबाबदारी मर्यादित आहे, एक कोटी डॉलरांच्या आतच आहे. कोण बरोबर ते सोडा, दोघांच्या आकड्यांत केवढी दरी आहे बघा, आणि ती दरी बंद पडायच्या आधीपासून त्या कागदावर होतीच.

लोकांची खासगी माहिती हाताळणार असाल तर ते कलम वकिलाला दाखवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि जबाबदारी ज्याने माहिती गोळा केली त्याच्यावर, म्हणजे क्लायंटवर, त्याने काम कोणाकडूनही करून घेतलं तरी. म्हणूनच ते घाबरून सगळं तुमच्याकडे सरकवतायत, त्यांची बाजू पण समजून घ्या. सही करण्याआधी एक मीटिंग मागा, वकिलांशिवाय, त्यांचा ऑपरेशन्सचा माणूस आणि तुमचा. 'आमच्या हातून काय चुकलं तर तुमचं काय थांबेल' एवढंच विचारा. अशा मीटिंगमध्ये हमखास काहीतरी निघतं जे करारात कुठेच नसतं. आमच्या एका क्लायंटकडे असंच निघालं होतं की सगळ्या गोदामाचं लेबल प्रिंटिंग एका जुन्या डेस्कटॉपवर चालतं आणि त्याचा पासवर्ड एका रिटायर झालेल्या काकांना माहीत आहे. अमर्याद भरपाईच्या कलमाने तो पासवर्ड सापडला नसता.

'ताई, मी २४ वर्षांची, घणसोलीला ऑफिस, सहा महिन्यांपूर्वी सर्व्हिस डेस्कवरून चेंज टीममध्ये, म्हणजे चालू सिस्टिममधले बदल सांभाळणाऱ्या टीममध्ये, आले. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला लीड म्हणाले आजच डेटाबेसचा चेंज टाकायचा, क्लायंटला सोमवारी हवंय. रोलबॅक, म्हणजे चेंज फसला तर आधीच्या स्थितीत परत येणं, कोणी टेस्ट केला नव्हता. मी म्हटलं "सर, थोडं रिस्की वाटतंय", ते म्हणाले "सगळंच रिस्की असतं, टाक". मी गप्प बसले. मला सिनिअरसमोर बोलताच येत नाही.'

तू बोललीस की गं. फक्त 'रिस्की वाटतंय' हे असं वाक्य आहे की त्याला समोरचा 'मला नाही वाटत' म्हणू शकतो, मग वाटण्याला वाटणं, आणि सिनिअरचं वाटणं जिंकतं.

नाइट कॅपिटल नावाच्या अमेरिकन ब्रोकरचं प्रकरण वाचून ठेव. १ ऑगस्ट २०१२. नवीन कोड ८ सर्व्हरवर टाकायचा होता, ७ वर पडला, आठव्यावर राहून गेला, त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड होता तो जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले. सगळ्यात वाईट पुढे आहे, बाजार उघडायच्या आधी त्यांच्याच सिस्टिमने ९७ ऑटोमॅटिक ईमेल पाठवल्या होत्या, त्यात त्या जुन्या कोडचं नावसुद्धा होतं. माणसांना मिळाल्या, पण ती अलर्ट आहे असं कोणी धरलंच नाही, कारण तशी ठरलेलीच नव्हती. तुझं 'थोडं रिस्की वाटतंय' ही अठ्ठ्याण्णववी ईमेल समज.

म्हणून वाटतंय सोडून दे, आणि मोजून सांग. तोंडाने जमत नसेल तर टाइप कर, टाइप करताना आवाज कापत नाही. तुझ्या शुक्रवारी मी असं लिहिलं असतं: 'सर, चेंज टाकायला तयार आहे. रोलबॅक टेस्ट झालेला नाही. फेल झाला तर बॅकअपवरून परत आणावं लागेल, मागच्या वेळी त्याला साडेतीन तास लागले होते, म्हणजे रात्री ११ च्या पुढे. डेटाबेस सांभाळणारा डीबीए आज सातला निघतोय. उद्या सकाळी १० ला तो असताना टाकला तरी सोमवार गाठतो. आजच टाकायचा असेल तर तसं इथे लिहा, मी लगेच सुरू करते.' बघ, यात कुठेही 'नाही' म्हटलेलं नाहीये. तू नकार देत नाहीयेस, निर्णय ज्याचा आहे त्याच्या हातात सगळे आकडे देतेयस. बहुतेक लीड त्या 'इथे लिहा' ला अडखळतात. जे अडखळत नाहीत आणि 'हो, टाक' लिहितात, त्यांचा मान ठेव आणि टाक, कारण आता ती रिस्क खरंच त्यांनी घेतलीय, आणि कधीकधी ती घेण्यासारखी पण असते, प्रत्येक चेंज थांबवणाऱ्याला कोणी मीटिंगला बोलवत नाही.

तो साडेतीन तासांचा आकडा मात्र तुझ्याकडे हवा. जुनी तिकिटं काढ, मागच्या वर्षी कुठला चेंज फेल झाला, परत यायला किती वेळ लागला, एका वहीत लिहीत जा. तू डेस्कवरून आलीयेस, तुला ते कॉल आठवत असतील, लोक फोनवर काय काय बोलायचे ते पण. तुझ्या लीडने कदाचित तो फोन कधी उचललाच नसेल.

आणि त्या शुक्रवारी शेवटी चेंज पडला का फेल झाला ते तू लिहिलंच नाहीस, ते आधी कळव.